मस्टँगचे जुने मालक कसे शोधायचे?

प्रश्न: बोगमाळोच्या नेव्ही म्युझियममधलं सी हॉक बघितल्यापासून आमच्या मुलाला जुन्या फायटर विमानांचं वेड लागलंय. आता अमेरिकेतल्या काकाने त्याला एअर शोमधल्या पी-५१डी मस्टँगचा फोटो पाठवलाय, त्यावर 'एन'ने सुरू होणारा नंबर आहे. एअर फोर्समधून सुटल्यावर हे कोणाकोणाकडे होतं ते कळेल का?
– एक वाचक, वास्को

उत्तर: कळेल की! 'एन' म्हणजे अमेरिकेतलं रजिस्ट्रेशन, एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या) साइटवर नंबर टाका, आताचा मालक बहुतेक वेळा लगेच दिसतो, पण खरी मजा जुन्या फाइलीत, ती फी भरून मागवता येते आणि त्यात खरेदी-विक्रीचे कागद, दुरुस्तीचे फॉर्म असं सगळं निघतं. फक्त नंबरावर विसंबू नका हां, तो बदलता येतो, जुना नंबर दुसऱ्याच विमानाला मिळतो. लष्करी सीरियल, म्हणजे एअर फोर्सने विमानाला दिलेला नंबर धरा, ४४ने सुरू असेल तर ऑर्डर १९४४च्या बजेटमधली. मधे काही वर्षं कागदच नसले तर विमान परदेशी एअर फोर्सात असू शकतं, डॉमिनिकन रिपब्लिकने तर मस्टँग १९८४पर्यंत वापरली. आणि काही विमानांत जुनी फक्त नावाची पट्टी, बाकी बहुतेक पत्रा नवा! म्हणून काकाला आधी कॉकपिटमधल्या डेटा प्लेटचा, म्हणजे त्याच पट्टीचा फोटो मागा.