रोटरी क्लबच्या दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये काही काम होतं, की नुसती जेवणं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकेतून निवृत्त झालात, घोडबंदर रोडला राहता, मित्र रोटरीत या म्हणून मागे लागलाय, पण दर आठवड्याला जमून ही मंडळी समाजकार्य करतात की जेवून फोटो काढतात, अशी शंका आहे. मी बरीच वर्षं ठाण्यातल्याच एका क्लबचा सभासद आहे. जेवण असतं आणि फोटोही असतात. बॅनर धरून उभं राहायचा सराव तुम्हालाही होईल.

मीटिंग तास-सव्वा तासाची. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, वाढदिवस-लग्नवाढदिवसाच्या टाळ्या, सेक्रेटरीच्या सूचना, मग पाहुणा वक्ता. कधी मधुमेहावर डॉक्टर, कधी सायबर फसवणुकीवर पोलीस अधिकारी, कधी येऊरच्या पक्ष्यांवर बोलणारा कुणी. आभार, परत घंटा, आणि मग ‘फेलोशिप’, म्हणजे जेवण. दर आठवड्याची सक्तीही आता उरलेली नाही. 2016 पासून महिन्यातून किमान दोन मीटिंग घेतल्या तरी चालतात.

एवढंच पाहून घरी गेलात तर तुमची शंका पक्की होईल. काम ठरतं ते फेलोशिपमध्ये, ताट हातात घेऊन. आमच्याकडे शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर वनराई बंधारा बांधायचं असंच ठरलं. भातसा आणि तानसा ही धरणं त्याच तालुक्यात, पाणी इकडे मुंबईला, आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर! बांधकाम व्यवसायातल्या एकाने साइटवरच्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या देऊ केल्या, दुसऱ्याने टेम्पो, आणि एका शिक्षिकेची त्या गावच्या सरपंचबाईंशी ओळख निघाली. पत्रव्यवहार करून याला दोन महिने लागले असते.

बंधारा म्हणजे काही मोठं स्थापत्य नाही. पाऊस गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओहोळ वाहता असतानाच गोण्यांत माती भरायची, सुतळीने तोंड आवळायचं आणि विटांसारखे सांधे चुकवत थर लावायचे. गोणी काठोकाठ भरायची नाही, नाहीतर ती गोल फुगते आणि फटींतून पाणी निसटतं. हे आम्हाला पाड्यावरच्या आजींनी शिकवलं, आमच्यातल्या सिव्हिल इंजिनिअरने नाही. मागे पाणी तुंबलं की गुरांना प्यायला आणि वाल-हरभऱ्याला एखाद-दुसरं पाणी द्यायला होतं.

पण हा बंधारा कच्चा. पुढच्या पावसात वाहून जातो, दरवर्षी नव्याने घालावा लागतो. आणि रोटरीचं दुखणं नेमकं इथेच आहे. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, त्या दिवशी अध्यक्ष बदलतो, आणि प्रत्येकाला ‘माझ्या वर्षातला’ प्रोजेक्ट हवा असतो. जुन्या कामाला हार-तुरे कोण घालणार? शाळेला दिलेलं पाण्याचं मशीन फिल्टर न बदलल्यामुळे वर्षभरात बंद पडतं आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी तेवढी चकचकीत राहते. असे प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेत.

उलट उदाहरणही रोटरीचंच आहे. पोलिओचं काम 1985 मध्ये जगभर हाती घेतलं आणि अध्यक्ष कितीही बदलले तरी सोडलं नाही. रविवारी बूथवर बसायचं, मुलांच्या बोटाला शाई लावायची, हे वर्षानुवर्षं चाललं. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लाखो आरोग्यसेविकांच्या मेहनतीत रोटरीचाही वाटा होता. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, आणि मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

म्हणून मित्राला यंदाचे प्रोजेक्ट विचारू नका, ते तो न विचारता सांगेलच. तीन वर्षांपूर्वीचं एखादं काम आज कसं आहे ते विचारा, जमलं तर जाऊन बघा. क्लब चालवायचा खर्च आणि समाजकार्याचा पैसा यांची खाती वेगळी आहेत का, हेही विचारा. तुम्ही बँकेतले, तुम्हाला कुणी गुंडाळू शकणार नाही. वर्गणी आणि जेवणाचे पैसे क्लबागणिक बदलतात, तेव्हा आधीच आकडा काढून घ्या, नंतर संकोच वाटतो.

सभासदत्वाची घाई नको. आधी पाहुणे म्हणून तीन-चार मीटिंगना जा. आणि तो क्लब बंधारे घालत असेल तर पावसाळा संपल्यावर एका रविवारी त्यांच्याबरोबर निघा. जुने कपडे घाला, हातमोजे घ्या. सिमेंटच्या गोणीने बोटं सोलवटतात.