हक्कच नाही म्हणतात, मग हक्कसोडपत्र कशाला?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचे पणजोबा पुरंदरमधलं गाव सोडून पुण्यात आले, छापखान्यात लागले, परत गेलेच नाहीत. जमीन थोरल्या भावाच्या नावावर, आणि आता त्या भावाचा नातू, म्हणजे तुमचे चुलतकाका, पेढे घेऊन कोथरूडला येतात आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र अन् हक्कसोडपत्र पुढे करतात, वंशावळीत पणजोबांचं नावच नाही, वर 'फक्त फॉर्मॅलिटी आहे, तुमचा तसाही हक्क नाही'. अहो, हक्कच नाही तर सोडायचं काय? सही करू नका. पेढे खाल्ले असतील तर हरकत नाही.

आता पणजोबांचा माग. नुसतं नाव शोधत बसाल तर दमाल, जुन्या कागदांत आडनाव नसतं बऱ्याचदा, 'गणू बिन राणू' (राणूचा मुलगा गणू) एवढंच, त्यामुळे जमिनीच्या मागे जा. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे, पण जमिनींचं एकत्रीकरण होण्याआधी त्याच जमिनीला वेगळा सर्व्हे नंबर होता, तो जुळवायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा 9(3) 9(4) चा उतारा काढा. मग सासवडच्या तहसील कचेरीतून जुने सातबारे आणि त्यावर गोल केलेले सगळे फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी), एकही न सोडता. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसतंय का बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव त्यांचं, जमीन सगळ्या भावांची. पुढे कुठल्यातरी वारस फेरफारात ही तीन अक्षरं गळतात आणि फक्त थोरल्याची मुलं लागतात, हा प्रकार इतक्या वेळा बघितलाय की आता रागही येत नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, तो महसुलापुरता असतो, पण अशी नोंद मिळाली तर तुमची बाजू बरीच भक्कम.

उलटंही निघू शकतं हं. वाटप झालेलं असेल किंवा पणजोबांनी हिस्सा भावाला विकला असेल, म्हणून सब रजिस्ट्रारकडची जुनी सूची 2, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांची यादी, पण बघा.

नातं सिद्ध करायला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. मोडीत असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, वाचणारे सापडतात. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची घराण्यांच्या नोंदींची वही, हे जोडीला.

तुम्ही सहज लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, पणजोबा 'पानशेतच्या पुराच्या दोन वर्षं आधी' गेले. पूर 12 जुलै 1961 चा, म्हणजे साधारण 1959, आणि हिंदू वारसा कायदा लागू झाला 17 जून 1956 ला. त्यामुळे त्यांच्या हिश्शात मुलींचाही वाटा येतो, तुमच्या आत्याआजीचासुद्धा. हेच 1955 ला गेले असते तर गणित वेगळं. महापालिकेत मृत्यूची नोंद काढून तारीख पक्की करा.

फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील 60 दिवसांत, उशीर झालाय तर उशीरमाफीचा अर्ज लागेल, पण हक्काचा निकाल तिथे लागत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. हक्कातून डावललं जातंय हे कळल्यापासून 12 वर्षं मोजतात. तुम्हाला आत्ता कळलं म्हणता, पण वडिलांना कधी कळलं होतं हे समोरचा वकील विचारणारच, तेव्हा घरातली जुनी पत्रं चाळून ठेवा. दावा लावलात तर लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस रजिस्टर करा, नाहीतर मध्येच जमीन विकली गेली तर घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक राहायचा नाही.

पण सगळ्यात आधी आत्याआजीकडे जा. त्या 88 वर्षांच्या आहेत, कचेरीतले कागद पुढच्या महिन्यातही तिथेच असतील. कोण कोणाचा, कोण कधी गेलं, गावी कोणाच्या लग्नाला गेले होते, सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा. आणि चुलतकाकांचा फोन आला तर एवढंच सांगा, वकिलांनी 'आधी जुने फेरफार दाखवा' म्हटलंय.