सोसायटीत चार्जिंग पॉइंट नाही, तर हायब्रिड गाडी घेऊन उपयोग आहे का?

आहे. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर किंवा इनोव्हा हायक्रॉस यांच्यासारख्या स्ट्राँग हायब्रिडला (पेट्रोल इंजिनासोबत, थोडा वेळ एकटी गाडी ओढू शकणारी इलेक्ट्रिक मोटर असलेल्या गाडीला) प्लगच नसतो. पेट्रोल भरायचं आणि चालवायची. ग्रँड विटाराची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची (०.७६ किलोवॉट-तास). ती इंजिनावर भरते, शिवाय ब्रेक दाबल्यावर मोटर जनरेटरसारखी फिरून, एरवी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा परत मिळवते. म्हणून हिची खरी कमाल ट्रॅफिकमध्ये. पुण्यात सिंहगड रोडवर मुंगीच्या पावलाने सरकताना इंजिन बराच वेळ बंदच असतं. एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगात ब्रेक क्वचितच लागतो, ओढायचं काम मुख्यतः इंजिनाचं, आणि फायदा आटतो. लोकांचा समज नेमका उलटा असतो! ग्रँड विटारासाठी कंपनीचा लिटरमागे २७.९७ किमी हा आकडा चाचणीतला आहे, तो रोज मिळेल असं धरून हिशोब मांडू नका. बॅटरी लवकर बसेल ही भीतीही फारशी खरी नाही. तिच्यावर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी येते.

फक्त नावाला भुलू नका. त्याच ग्रँड विटाराची स्वस्त ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे माइल्ड हायब्रिड, ती नुसत्या मोटरवर चालत नाही. आणि तुमचं रनिंग कमी किंवा बहुतेक हायवेचं असेल, तर स्ट्राँग हायब्रिडसाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. मग साधी पेट्रोलच बरी.