म्हातारचळ, वात आणि स्मृतिभ्रंश

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं आहे : "सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे करायला बसल्या आणि मांडा हातावर घेऊन तशाच थांबल्या. पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. गल्लीतल्या बायका म्हणतात, म्हातारचळ लागला. डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया लिहिलं आणि तोंडी स्मृतिभ्रंश म्हणाले. म्हातारचळ आणि स्मृतिभ्रंश हे दोन्ही शब्द एकच का? आणि विचारणाऱ्यांना मी कोणता सांगू?"

ताई, एकच नाहीत. माझ्या घरात या शब्दांची गल्लत झाली आणि तिची किंमत एका म्हातारीने भोगली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'चळ'. मूळ संस्कृत 'चल्', म्हणजे हलणे, जागा सोडणे. अचल, विचलित ही त्याच घरातली माणसं. मन चळलं, बुद्धी चळली असं आपण म्हणतो तेव्हा जागेवर असलेली गोष्ट ढळली एवढाच अर्थ असतो. पण 'चळ लागला' म्हटलं की त्यात दोष येतो. ज्याला चळ लागला तो मुद्दाम काहीतरी करतो आहे, वय विसरून वागतो आहे, असा तो सूर असतो. म्हाताऱ्याने भडक सदरा घातला, म्हातारीने गोडासाठी हट्ट धरला, उतारवयात कोणी लग्नाचं नाव काढलं, की लोक म्हणतात म्हातारचळ. म्हणजे हा शब्द वागण्याला नाव ठेवतो. आजाराचं नाव तो कधीच नव्हता.

माझी फुई (आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात) धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. निराधार योजनेचे पैसे आले की ती सुनेवर चोरीचा आळ घ्यायची. रोज भांडण. सून रडायची, मुलगा आईवर ओरडायचा, शेजारी म्हणायचे डोकरीला चळ लागला. एकदा दळणासाठी दादर (ज्वारी) काढायला कोठी उपसली, तर दाण्यांतून लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या नोटांची पुरचुंडी निघाली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांनी तिला धारेवर धरलं, की बघ, स्वतःच लपवतेस आणि सुनेला चोर म्हणतेस. ती शपथेवर सांगत होती की मी ठेवले नाहीत. तेव्हा ती खोटं बोलत नव्हती, हे आम्हाला दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनी समजावलं. पैसे ठेवल्याची आठवण तिच्या मेंदूत तयारच झाली नव्हती. तिच्यापुरती फक्त रिकामी पिशवी खरी होती. पिशवी रिकामी आहे, मी तर काढले नाहीत, म्हणजे कोणीतरी नेले, हा तिचा हिशेब. चोरीचा आळ हे या आजाराचं नेहमी दिसणारं लक्षण आहे. आमच्या तोंडी 'चळ' हा शब्द नसता, तर तिला आधी दाखवलं असतं असं मला आजही वाटतं.

अहिराणीत माणूस म्हणतो, 'मी भुली गऊ'. हे म्हणणाऱ्याला आपण विसरलो हे कळलेलं असतं. ते वयाचं विसरणं. नाव आठवत नाही, अर्ध्या तासाने आठवतं. आजारात पुष्कळदा विसरल्याचंच भान राहत नाही. एकाच लग्नाची तारीख सकाळपासून सहा वेळा विचारली जाते आणि प्रत्येक वेळी ती पहिलीच वेळ असते. जुनं मात्र लख्ख राहतं. फुई १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण होतं ते नावानिशी सांगायची. आणि मी समोर बसलो की विचारायची, "कोनना पोऱ्या शे रे तू?" मी म्हणायचो, "तुन्हाच भाऊना."

आता 'स्मृतिभ्रंश'. 'भ्रंश' म्हणजे घसरणे, खाली पडणे. भ्रष्ट हे त्याच धातूचं रूप, अपभ्रंशही तिथलाच. शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६३व्या श्लोकात क्रोधापासून संमोह, संमोहापासून 'स्मृतिविभ्रम' आणि 'स्मृतिभ्रंशा'पासून बुद्धिनाश अशी उतरंड आहे. तिथे तो आजार नाही. रागाच्या भरात माणूस शिकलेलं, कळलेलं विसरतो, असा तिथला अर्थ. वैद्यकातला अर्थ पुढे त्याला चिकटला. त्या एकाच श्लोकात भ्रम आणि भ्रंश दोन्ही आहेत, आणि लोक 'स्मृतिभ्रम' लिहितात तो घोटाळाही याच जोडीतला. भ्रम म्हणजे फिरणे, भटकणे (भ्रमण, भ्रमर), भ्रंश म्हणजे ढासळणे. आजारासाठी भ्रंशच योग्य. आणि लिहिताना 'स्मृति' ऱ्हस्व. सुटा शब्द 'स्मृती', समासात 'स्मृतिभ्रंश'. वर्तमानपत्रांतसुद्धा 'स्मृतीभ्रंश' छापलेलं दिसतं, ते चूक आहे.

पण ताई, स्मृतिभ्रंश हा शब्दही अपुरा आहे, आणि तुमच्या सासूबाईंचे मांडे हाच त्याचा पुरावा. त्यांना मांडे म्हणजे काय हे आठवत होतं. कणीक तिंबलेली होती, पुरण भरलेलं होतं, हातात मांडा होता. तुटली होती ती क्रमाची साखळी : हातावर फिरवून मोठा करायचा, मग खापरावर टाकायचा, मग कडा सुटल्या की काढायचा. नियोजन, क्रम, अंदाज, शब्द सापडणं, रस्ता ओळखणं, पैशाचा हिशेब, स्वभाव, यांतलं काहीही आधी ढासळू शकतं. काहींची स्मृती सुरुवातीला शाबूत असते आणि आधी बदलतं ते वागणं. शांत माणूस शिव्या देऊ लागतो, काटकसरी माणूस पैसे उधळतो. गल्ली चळ म्हणते आणि घर म्हणतं, याला तर सगळं आठवतं, मग आजार कसला? लॅटिनमध्ये 'मेन्स' म्हणजे मन, त्यापासून दूर जाणं म्हणजे डिमेन्शिया. हिंदीत 'मनोभ्रंश' रूढ आहे, मराठीत काही जण 'बुद्धिभ्रंश' लिहितात. अर्थाने हे दोन्ही अधिक जवळचे. तरी मी स्मृतिभ्रंशच वापरतो, कारण तो लोकांच्या कानावर पडलेला आहे आणि त्यात कोणाला कमी लेखणं नाही. 'बुद्धिभ्रंश' ऐकताना घरच्यांना 'बुद्धी भ्रष्ट झाली' ऐकू येतं.

'म्हातारचळ'मधला 'म्हातार'ही खटकतो. १९०१ साली जर्मनीत एका बाईला विसरणं, गोंधळ आणि नवऱ्यावर भलता संशय, यांमुळे रुग्णालयात आणलं गेलं. ती ५१ वर्षांची होती. तिच्या मेंदूत काय सापडलं ते आलॉइस अल्झायमर यांनी १९०६मध्ये मांडलं आणि १९१०मध्ये त्यांचं नाव आजाराला मिळालं. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण तेच. दुसरं मोठं कारण मेंदूच्या रक्तपुरवठ्यातले अडथळे. आणि 'साठी बुद्धी नाठी' (नाठी म्हणजे नष्ट) ही म्हण तर खरी नाहीच. भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे १००तल्या ९२जणांची बुद्धी साठीनंतरही नाठलेली नाही. आकड्यात मात्र हे सुमारे ८८ लाख लोक होतात.

एक जुना शब्द मात्र जपायला हवा : वात. सांधे धरतात तो नव्हे, 'वातात बडबडतो' यातला. फुईचा आजार चार वर्षांचा जुना झाला होता. एका मे महिन्यात, पारा ४५ला टेकला होता तेव्हा, ती दोन दिवसांत एकदम बदलली. दिवसभर झोप, रात्रभर चादर चिवडणं, हवेतलं काहीतरी पकडणं. घरचे म्हणाले, आता स्मृतिभ्रंश वाढला, शेवट आला. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "नही, हाई वात शे." तिचं बरोबर होतं. लघवीला जंतुसंसर्ग आणि अंगातलं पाणी कमी झालेलं. सलाइन आणि औषधांनी आठवड्याभरात फुई पूर्वी होती तिथे परत आली. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत चढतो, वात तासा-दिवसांत. अचानक आलेला गोंधळ ही तातडीने दवाखाना गाठायची गोष्ट आहे. जुन्या माणसांनी या दोन्हींना वेगळी नावं ठेवली होती आणि आपण ती एकात कालवतो आहोत, याचं मला वाईट वाटतं.

'भास' आणि 'भ्रम'ही वेगळे. ओसरीत नसलेली पोरं दिसणं हा भास, सून विष घालते अशी खात्री हा भ्रम. आपल्याकडे भास म्हटला की 'बाहेरचं' म्हणून भगताकडे नेतात. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात असे भास लवकर दिसतात आणि त्या रुग्णांना भासावरची काही औषधं फार बाधतात. तेव्हा काय दिसतं, कधी दिसतं, हे डॉक्टरांना नीट सांगा. नैराश्यातला म्हातारा माणूसही विसराळू, मंद वाटतो. पण त्याचं उत्तर 'माहीत नाही, सोड' असं असतं, तर स्मृतिभ्रंशाचा रुग्ण काहीतरी जुळवून उत्तर देतो. हा फरक दरवेळी दिसतोच असं नाही, म्हणून तपासणी हवीच. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, पडून डोक्यात साचलेलं रक्त, ही उलटवता येण्यासारखी कारणं तिथेच सापडतात. आणि सासूबाईंचे कान तपासून घ्या. न हाताळलेला बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, एकटेपणा हे सगळे धोका वाढवणारे घटक म्हणून मान्य झालेले आहेत. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी 'टेली मानस'चा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

गल्लीत काय सांगायचं? तिथे 'स्मृतिभ्रंश' जड पडेल आणि 'डोक्याचा आजार' म्हटलं तर लोक वेड समजतील. आपल्याकडे मधुमेहाला 'साखरनी बिमारी' म्हणतात, तसं म्हणा : "याद जावानी बिमारी शे त्यासले." बिमारी म्हटलं की चळ गळून पडतो. फुईच्या घरी हेच वाक्य सुरू झालं आणि सुनेवरचा आळही लोकांनी मनावर घेणं सोडलं.

येत्या आखाजीला सासूबाईंना चुलीपाशी एकटं बसवू नका, पण कणीक त्यांच्यापुढे ठेवा. हातांना सवयीची असलेली एकेक कृती पुष्कळ काळ टिकते, क्रम मात्र कोणीतरी शेजारी बसून सांगावा लागतो. मांडा त्यांनी फिरवावा, खापरावर तुम्ही टाकावा.