हिरवा प्रकाश हेलियमचा नव्हे

अतितरल (अतिशय थंड, घर्षणाविना वाहणाऱ्या) हेलियममध्ये गोठवलेले नायट्रोजनचे नॅनोक्लस्टर, म्हणजे रेणूंचे अतिसूक्ष्म पुंजके, तापू लागताच हिरवे चमकतात, ती ऊर्जा हेलियमची असते का, आणि वर्णपटासाठी कोणता स्पेक्ट्रोमीटर घ्यावा, असे आपण विचारले आहे. हेलियमची मुळीच नसते. इंदूरला एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये मी हाच विषय मांडला होता, तेव्हा परीक्षक सरांनी “एवढ्या थंडीत नायट्रोजनकडे ऊर्जा येणार कुठून? ती हेलियमचीच,” असे म्हणून मला खाली बसवले होते.

नायट्रोजन-हेलियमचा झोत विद्युत-डिस्चार्जमधून सुमारे १.५ केल्विनच्या हेलियमवर सोडायचा, म्हणजे रेणू फुटून सुटे झालेले नायट्रोजनचे अणू उरलेल्या रेणूंच्या क्लस्टरमध्ये अडकून राहतात, ही गॉर्डन, मेझोव-डेग्लिन आणि पुगाचेव यांची १९७४ची पद्धत मी फळ्यावर नीट काढली होती. आकडा मात्र एकही लिहिला नव्हता, ती चूक माझीच. त्या संध्याकाळी राजवाड्याजवळ चहा निवेपर्यंत सेमिनारच्याच कागदामागे हिशोब केला. १.५ केल्विनला औष्णिक ऊर्जा जेमतेम ०.०००१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक), तर ५२३ नॅनोमीटरच्या हिरव्या फोटॉनची (प्रकाशकणाची) सुमारे २.४, म्हणजे अठरा हजार पट. उलट दोन नायट्रोजन अणू जुळले की ९.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. उत्तेजित रेणूकडून त्यातला वाटा शेजारच्या अडकलेल्या अणूला मिळतो आणि तो अणू हिरवा उजळतो. तो कागद सरांना दाखवण्याचे धाडस मला झाले नाही, आणि गुण तर तोवर लिहूनही झाले होते.

म्हणून उपकरणाच्या आधी हा हिशोब आपल्या मार्गदर्शकांपुढे ठेवावा, आणि तरीही ते हेलियमचेच नाव घेत असतील तर त्यांच्याकडून आकडा मागावा. स्पेक्ट्रोमीटरचे मॉडेल मी सांगत नाही; पण सगळे तापणे एकाच लांब एक्स्पोजरमध्ये घेऊ नये. अणूचे ते संक्रमण निषिद्ध, म्हणजे फार सावकाश होणारे, असल्याने हिरवा रंग कित्येक सेकंद रेंगाळतो आणि क्षणिक स्फोटक चमका त्यात बुडून जातात. उत्तेजित नायट्रोजन रेणूंच्या स्वतःच्या प्रकाशाचे, वेगार्ड-कॅप्लान नावाचे पट्टे अतिनीलमध्ये असतात, तेव्हा खिडक्या क्वार्ट्झच्या हव्यात.

सरांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की हेलियम अगदी निष्क्रिय नसतो : तो उष्णता झपाट्याने वाहून नेतो, आणि क्लस्टरच्या सच्छिद्र जाळीतून तो उडून गेल्यावर क्लस्टर एकमेकांवर कोसळून अणू झपाट्याने जुळू लागतात. शिवाय गॅसमध्ये ऑक्सिजनचा अंश राहिला, तर ५६० नॅनोमीटरच्या आसपास त्याचाही प्रकाश दिसेल. तो नायट्रोजनचा समजू नये.