भीती-धडधडीसाठी डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली आहे. सवय लागते म्हणतात, घ्यावी का?

सवय लागते, रोज घेतली तर काही आठवड्यांतही. म्हणून गोळी घ्यायचीच नाही, हे मात्र मला पटत नाही.

बाबा गेल्यावर आईला धडधड सुरू झाली. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. नागपुरात धंतोलीतल्या मनोविकारतज्ज्ञांनी दोन गोळ्या दिल्या, सकाळी एस्सिटालोप्राम (चिंतेवरची मुख्य गोळी) आणि रात्री क्लोनाझेपाम. पहिलीचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर दुसरीचा आधार, पुढच्या भेटीत ती कमी करू, असं स्पष्ट सांगितलं होतं. पण झोप लागायला लागली तशी आई परत जायलाच तयार होईना. मेडिकलवाला ओळखीचा, जुन्या चिठ्ठीवर क्लोनाझेपामचे पत्ते देत राहिला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशी औषधं ही! ह्याचं आपलं, ‘काकू घरच्याच आहेत.’

मग अमरावतीहून दादा आला. ‘काहून नशेच्या गोळ्या चारून राहिले आईले?’ म्हणत सगळे पत्ते कचऱ्यात. दोन-तीन दिवसांत आईचे हात थरथरायला लागले, घाम, रात्रभर टक्क जागी, भीती आधीपेक्षा जास्त. दादा म्हणे, ‘पाह्य, सांगत होतो ना!’ अरे, हा त्रास गोळी एकदम तोडल्याचा. मेंदू तिच्यावर विसंबलेला असतो. अशाने फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली आणि कित्येक महिने थोडी थोडी उतरवत बंद केली. एस्सिटालोप्राम आजही चालू आहे, आई भजनी मंडळात जाते, महालच्या बाजारात एकटी खरेदी करून येते. यावर दादाचं म्हणणं, ‘प्राणायामानं झालं.’ प्राणायाम जरूर करा, समुपदेशनाचाही खरंच उपयोग होतो, पण श्रेय ज्याचं त्याला द्या ना.

तर तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची. उत्तर मिळालं नाही तर डॉक्टर बदला. हां, म्हाताऱ्या माणसांना रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन खुबा मोडायची भीती असते. गुंगी असेल तर गाडी चालवू नका. घोरताना श्वास अडकत असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी सांगा. आणि दारूबरोबर अजिबात नाही, श्वास मंदावतो. आमचा दादा रोज रात्री दोन पेग घेतो, ती मात्र नशा नाही म्हणे.