तिसऱ्याच भागात हरलेला खटला

तुम्ही विचारलंय की अंतराळयानं, परग्रहवासी असं सगळं असलेली, हसवणारी आणि तरीही समाजातल्या प्रश्नांना खरोखर हात घालणारी एखादी मालिका आहे का. आणि विनोदामुळे त्या प्रश्नांचं गांभीर्य निघून जात नाही का.

आहे. ‘द ऑर्व्हिल’. आणि गांभीर्य निघून जात नाही. विनोद नसता तर ती माझ्या मनाला इतकी लागलीच नसती.

थोडक्यात ओळख करून देते. सेथ मॅकफार्लेन या अमेरिकी लेखक-नटाने ती रचली आणि कॅप्टन एड मर्सरचं कामही तोच करतो. १० सप्टेंबर २०१७ ला फॉक्स वाहिनीवर पहिला भाग आला. पहिल्या सीझनचे १२, दुसऱ्याचे १४ आणि २०२२ मध्ये हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर आलेल्या तिसऱ्याचे १०, असे एकूण ३६ भाग. मॅकफार्लेन ‘स्टार ट्रेक’ या गाजलेल्या अंतराळमालिकांवर वाढलेला माणूस. त्या मालिकांच्या लेखन-निर्मितीत वर्षं काढलेला ब्रॅनन ब्रागा इथेही सोबतीला आहे. त्यामुळे चौकट ओळखीची वाटेल: पंचविसावं शतक, अनेक ग्रहांनी मिळून केलेली युनियन, एक मध्यम आकाराचं यान आणि त्यावरची माणसं. फरक इतकाच की ही माणसं ऑफिसातल्या माणसांसारखी आहेत. कॅप्टनची घटस्फोटित बायको केली हीच त्याची फर्स्ट ऑफिसर म्हणून येते. पायलट आणि नॅव्हिगेटर पाचकळपणा करतात. कुणाला भूक लागते, कुणी रुसतं.

आता मूळ मुद्दा. त्यासाठी एका कुटुंबाबद्दल सविस्तर सांगावं लागेल.

यानावर बॉर्टस नावाचा अधिकारी आहे. मोक्लन या परग्रही जातीचा. धिप्पाड, कपाळावर कंगोरे, आवाज विहिरीतून आल्यासारखा, चेहरा कधी हलत नाही. या जातीत सगळे पुरुषच, असं सगळ्यांना माहीत असतं. त्याचा जोडीदार क्लायडन हाही पुरुष. दुसऱ्या भागात बॉर्टस कॅप्टनकडे रजा मागतो, कारण त्याने अंडं घातलंय आणि त्यावर २१ दिवस बसायचंय.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या उपचारासाठी माझी धाकटी मावशी तीन आठवडे साताऱ्यात माझ्याकडे राहायला होती. रात्री जेवणं झाली की मी टीव्हीला लॅपटॉप जोडून हे भाग पुन्हा बघत होते आणि ती शेजारी बसून लसूण सोलत होती. इंग्रजी तिला येत नाही, पण अंड्यावर बसलेला तो गडी बघून ती पोट धरून हसली. “येकवीस दिस? कोंबडीगतच की गं.” तिथून पुढे रोज रात्री मला थांबवून थांबवून मराठीत सांगणं भाग पडलं.

तिसरा भाग लागला तेव्हा मी जरा बिचकले, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं. दुसऱ्याच्या शेवटी अंडं फुटलेलं असतं आणि मुलगी निघालेली असते. मोक्लन समाजात मुलगी जन्मणं म्हणजे व्यंग. लगेच शस्त्रक्रिया करून तिला मुलगा करून टाकायचं, ही तिथली रीत. यानाची डॉक्टर नकार देते, कॅप्टनही नकार देतो. बॉर्टसला आधी हा नकार समजतच नाही. मग ख्रिसमसच्या गोष्टीतलं लाल नाकाचं हरीण पडद्यावर बघून त्याचं मत बदलतं. ज्याला सगळे खोड समजत होते, तेच त्या हरणाच्या उपयोगी पडलं, एवढं त्याला पुरतं. हा प्रसंग हसवतो, पण बॉर्टस त्या हरणाकडे ज्या तन्मयतेने बघतो ती अगदी खरी आहे. पीटर मेकन या नटाची ती कमाल आहे.

आणि मग क्लायडन सांगतो की तो स्वतः मुलगी म्हणून जन्मला होता.

मावशी म्हणाली, “थांबव जरा.” मी थांबवलं. पडद्यावर क्लायडनचा चेहरा.

“म्हंजी ह्याला ठावं हाय?”

“हो.”

“आन् तरी लेकराला कापा म्हणतोय?”

मी काही बोलले नाही. तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली, दुसरी घेतली, आणि म्हणाली, “लई दुखलं असंल गं त्याला.”

माझ्या मावशीचं कागदोपत्री नाव नकुसा आहे. चौथी मुलगी. तिच्या पाठीवर मामा झाला, म्हणजे नावाने काम केलं, असं आजी म्हणायची. आमच्या भागात हे नाव नवं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचा नामकरणाचा सोहळा झाला आणि नकोशी, नकुसा म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या पोरींना त्यांच्या आवडीची नावं मिळाली. मावशी तेव्हा संसारात पार मुरलेली होती. रेशनकार्ड, मतदानकार्ड, बचत गटाचं रजिस्टर, सगळीकडे तेच नाव. तिने ते तसंच ठेवलं.

म्हणून क्लायडनबद्दल ती जे बोलली ते मला मालिकेवरच्या कुठल्याही लेखापेक्षा खोल वाटतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्याचा नुसता राग आला होता. ज्याच्यावर अन्याय झाला तोच तो पुढच्या पिढीवर करतो, कारण आपल्याबाबतीत जे झालं ते चूक होतं असं मानलं तर आपलं सगळं आयुष्यच उसवतं, हे मला तिच्यामुळे दिसलं.

खटला उभा राहतो. बॉर्टसच्या बाजूने केली वकील म्हणून उभी राहते. बायका दुबळ्या नसतात हे दाखवायला सुरक्षा अधिकारी अलाराची ताकद दाखवली जाते. पुरुष असणं म्हणजे हुशार असणं नव्हे हे दाखवायला पायलट गॉर्डनला अगदी सोपे प्रश्न विचारले जातात आणि तो सगळ्यांची गडबड करतो. मला हा युक्तिवाद पटत नाही. ताकद सिद्ध केली तरच मुलीला मुलगी राहता यावं, हे कुठलं तर्कशास्त्र? पण न्यायासनालाही तो पटत नाही. शेवटी डोंगरात एकटी राहिलेली एक मोक्लन बाई सापडते आणि ती न्यायासनापुढे सांगते की ज्या थोर लेखकाला सगळा ग्रह पूजतो, तो लेखक म्हणजे मीच. सभागृह स्तब्ध होतं. कुठल्याही मालिकेत इथे निकाल बाजूने लागला असता.

इथे खटला हरतात. बाळावर शस्त्रक्रिया होते. बॉर्टस आणि क्लायडन पाळण्याजवळ उभे असतात, त्यांचं बाळ, टोपा, आता मुलगा आहे, आणि भाग संपतो.

२१ सप्टेंबर २०१७ ला हे दाखवलं गेलं, मालिका सुरू होऊन दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. तेव्हाचे समीक्षक तिच्यावर नाराज होते, ही विनोदी आहे की गंभीर हे यांचं ठरत नाही म्हणत होते. मला वाटतं ते ठरलेलंच होतं. अंड्यावर बसलेल्या बॉर्टसला तुम्ही आधी हसला असता, तो तुमच्या घरातला झालेला असतो, म्हणून तो पाळण्यापाशी उभा राहतो तेव्हा तुम्हाला परग्रहावरचा प्रश्न दिसत नाही. तुम्हाला बॉर्टस दिसतो. विनोदाचं काम ते आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मालिका तो निकाल विसरत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये लोकार नावाचा एक मोक्लन इंजिनियर येतो. त्याला बायका आवडतात आणि त्याच्या ग्रहावर हा गुन्हा आहे. आपल्या जगातलं उलटं करून ठेवलंय, पण त्याची भीती, त्याचं लपवणं, आणि शेवटी दुसऱ्यावर आळ येऊ नये म्हणून स्वतःहून कैदेत जाणं, यातलं काही उलटं वाटत नाही. त्याच सीझनमध्ये पळून गेलेल्या मोक्लन बायकांची लपलेली वसाहत सापडते. युनियन त्यांच्या बाजूने ठाम उभी राहत नाही, कारण शत्रूशी लढायला लागणारी शस्त्रं मोक्लन लोक पुरवतात. तडजोड होते: आहात त्या राहा, नवीन मुली आणायच्या नाहीत. ती तडजोड ऐकताना मावशी म्हणाली, “आपल्या मीटिंगीत पन असंच व्हतं.”

बाकीचे प्रश्न एकेका भागात येतात. त्यातले दोन सांगते.

एक, पहिल्या सीझनचा सातवा भाग. आपल्या आजच्या जगासारखाच एक ग्रह. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, त्यावर वरचा बाण आणि खालचा बाण. कायदे, न्यायालय, वकील असलं काही नाही, लोक मत देतील तो निकाल. यानावरचा जॉन एका पुतळ्याशी लगट करून नाचतो, त्याचा व्हिडिओ पसरतो, आणि त्याला वाहिन्यांवर जाऊन माफी मागत फिरावं लागतं. एक कोटी खालचे बाण पडले की मेंदूवर उपचार करून माणसाला ‘दुरुस्त’ करतात. जॉनचा गाढवपणा खराच आहे, मालिका तो झाकत नाही. पण शिक्षा देणाऱ्यांपैकी कुणालाही दुसऱ्या दिवशी तो आठवणार नाही, हेही ती दाखवते. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका शिक्षिकेची एका दुपारीत जी गत झाली ती मी पाहिली आहे, म्हणून हा भाग मला दोनदा बघवला नाही.

दुसरा, दुसऱ्या सीझनचा पाचवा. रेगोर-२ या ग्रहावर माणसाचं सगळं आयुष्य जन्मराशीवर ठरतं. केली आणि बॉर्टस आपला वाढदिवस जवळ आलाय हे आनंदाने यजमानांना सांगतात आणि लगेच त्यांना पकडलं जातं, कारण ती ‘गिलिआक’ रास, म्हणजे हिंसक माणसांची. त्या राशीचे लोक छावण्यांत डांबलेले. त्या दिवसांत बाळ येणार असेल तर आधीच पोट फाडून बाहेर काढतात. पत्रिकेत मंगळ म्हणून फिरलेली स्थळं आणि मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणून घातलेल्या शांती ज्यांनी घरात पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या राशीतला एक तारा तीन हजार वर्षांपूर्वी विझला, एवढंच मूळ कारण. ऑर्व्हिलचे लोक अवकाशात सूर्यप्रकाश परावर्तित करणारं पाल सोडतात, आकाशात तारा पुन्हा उगवल्यासारखं दिसतं आणि छावण्या उघडतात. समजूत तशीच ठेवून वर खोटा तारा लावला, हे मला आवडलं नाही. पण आतली माणसं बाहेर आली. यावर मी अजून स्वतःशी भांडते.

आता टोपा. तिसऱ्या सीझनचा पाचवा भाग, ३० जून २०२२ ला आलेला. टोपा मोठा झालाय, हुशार आहे, पण आत काहीतरी चुकलंय हे त्याला कळतंय आणि सांगता येत नाही. इमानी पुलम या तरुण नटीने हे काम केलंय, खांदे जरासे आत ओढून, बोलताना खाली बघत. आपल्यापासून काय लपवलं गेलं हे कळल्यावर टोपा ठरवते की मला मुलगीच व्हायचंय. युनियन राजकारणापायी परवानगी देत नाही, डॉक्टरचे हात बांधलेले, आणि अखेर शस्त्रक्रिया यंत्रमानव आयझॅक करतो, कारण तो युनियनचा नाही. क्लायडन पोरीला म्हणतो की तू जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं, आणि यान सोडून जातो.

मी मावशीला मधले बाकीचे भाग गाळून हा दाखवला, कारण ती रोज विचारायची, “त्या पोरीचं पुढं काय झालं?” टोपा आरशासमोर येते तेव्हा मावशीने लसणाची परडी खाली ठेवली. क्लायडनचं ते वाक्य मी भाषांतर करून सांगितलंच नाही. तिला सुरावरून कळलं.

आठव्या भागात तो परत येतो. खूप काही घडून गेल्यावर, मान खाली घालून, मुलीची माफी मागायला. चॅड कोलमनने ते फार साधेपणाने केलंय. मावशी एवढंच म्हणाली, “आला का. बरं झालं.”

आता तुमच्यासाठी. पहिला भाग बघून सोडू नका, त्यातले बरेच विनोद नवरा-बायकोच्या भांडणाचे आणि बेताचे आहेत. तिसऱ्यापर्यंत या. घरच्यांबरोबर बघणार असाल तर दुसऱ्या सीझनचा दुसरा भाग आधी एकट्याने बघा, त्यात अश्लील चित्रणाच्या व्यसनाचा विषय आहे. तिसऱ्या सीझनचा पहिला भाग आत्महत्येवर आहे, मन जड असेल तर तो नंतरसाठी ठेवा. तिसऱ्या सीझनचे भाग लांब आहेत, बरेचसे तासाच्या वर, त्यामुळे जेवणं उरकून बसा. आणि घाई असेल तर टोपाचा धागा तेवढा सलग बघता येतो: पहिल्यातला दुसरा आणि तिसरा, दुसऱ्यातला सातवा आणि बारावा, तिसऱ्यातला पाचवा आणि आठवा. आम्ही शेवटी तोच क्रम धरला होता. मावशीचे तीन आठवडे त्यात बरोबर बसले.